पाहुण्याची झोप

गादीवाल्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आधी आडवं व्हायचं आणि मग बोलायचं. उभ्याउभ्या बोटाने गादी दाबून बघणाऱ्याला ते म्हणत, "अहो, पाव आहे का तो दाबून बघायला? चपला काढा आणि झोपा." मग गिऱ्हाईक लाजत लाजत आडवं व्हायचं आणि गादीवाले पाठीमागे हात बांधून, ऑपरेशन यशस्वी झालेल्या डॉक्टरसारखे त्याच्याभोवती फिरायचे. "कुशीवर व्हा. आता दुसऱ्या. कंबर कुठं जातेय बघा. जातेय ना बरोबर?" कंबर जात असो वा नसो, माणूस 'हो' म्हणायचा, कारण झोपलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. हे गुपित गादीवाले वडिलांकडून शिकले होते.

गादी गाडीवर चढली की शेवटचा सल्ला फुकट मिळायचा. "पाहुणे येऊन गेले की गादी उलटवायची. नाहीतर पाहुण्याची झोप तिथंच बसून राहते आणि घरच्या माणसाला लागत नाही." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की शहाणीसुरती माणसंही घरी जाऊन खरोखर गाद्या उलटवत.

त्यांच्या स्वतःच्या घरची गादी मात्र कुणी कधी उलटवली नाही. ती त्यांनी लग्नानंतर मोठ्या हौसेने स्वतः भरलेली. आता तिच्या मधोमध असा काही खड्डा पडला होता की नवराबायको आपापल्या कडेला झोपायची आणि सकाळी मधे सापडायची, एखाद्या अपघातातली दोन वाहनं सापडतात तशी. बायको म्हणायची, "अहो, गावाच्या कमरा सरळ करता, माझी कधी करणार?" गादीवाले म्हणायचे, "हा मोसम जाऊ दे." गाद्यांना मोसम असतो हे बायकोला पटत नव्हतं, पण लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी तो मोसम काही गेला नव्हता.

बायको पाळणाघर चालवायची. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दिवसभर पोरंच पोरं. कुणी रडतंय, कुणी चावतंय, कुणी चावून वर रडतंय. आवाजाचं तिला काही वाटत नसे, शांततेचं वाटे. अचानक शांत झालं की ती हातातली कणीक टाकून धावायची, कारण शांतता झाली याचा अर्थ कुणीतरी काहीतरी गिळलंय.

एकंदरीत संसार सुखाचा होता. फक्त एक साडू होता.

माणसाला शत्रू नसला तरी चालतं, साडू बहुधा असतोच. गादीवाल्यांचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, नळ, शॉवर आणि बाथटब विकायचा. घरात सगळे त्याला नळवालेच म्हणत. नळवाल्यांची रीत अशी, की गादीवाल्यांनी जे करावं ते त्यांनी थोड्या दिवसांनी करावं आणि जरा चांगलं करावं. ह्यांनी स्कूटर घेतली, त्यांनी मोटार घेतली. ह्यांनी घराला रंग दिला, त्यांनी घरच दुसरं घेतलं. वर डोक्यावर अजून सगळे केस. आणि ते केस नळवाले बोलताबोलता हाताने असे मागे सारायचे की गादीवाल्यांना वाटे, हे मुद्दाम आहे. ह्यात कायद्याने काही करता येत नाही हे त्यांचं खरं दुःख होतं.

गादीवाल्यांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती. बायकोने एकदा, एकदाच, कुणाच्या तरी देखत म्हणावं, "धाकटीच्या नवऱ्यापेक्षा ह्यांचं बरं." विषय कुठलाही चालला असता. भाजी निवडण्याचा असता तरी चालला असता.

एका रविवारी दुपारी धाकटी आणि नळवाले आले ते द्राक्षबागांमधे दोन दिवस राहून. तिकडे म्हणे मैलोन्मैल वेली, त्यांत वाइन करणारी घरं, आणि त्या घरांतून पाहुण्यांसाठी मोजक्या खोल्या.

"बुटीक स्टे होता," नळवाले केस मागे सारत म्हणाले.

"बुटीकमधे कपडे शिवतात," गादीवाले म्हणाले.

"तसं नव्हे हो, साडूभाऊ. बुटीक म्हणजे छोटं, निवडक. प्रत्येक खोली वेगळी. आणि मुख्य म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. अठराच्या आतल्याला फाटकातून आत सोडत नाहीत."

गादीवाल्यांनी बायकोकडे बघितलं. तिचा चमचा कपातच थांबला होता.

"एकही मूल नाही?" तिने विचारलं.

"एक नाही, ताई!" धाकटी म्हणाली. "दोन दिवसांत एकदाही कुणी आतून 'झाऽऽली' म्हणून ओरडलं नाही. सकाळी दाराशी टोपली. ताजा पाव, चीज, द्राक्षं. आणि अंगणात टब. वेलींच्या मांडवाखाली! हे बघ."

फोटो फिरले. फोटो नळवाल्यांनी काढले होते, त्यामुळे त्यांत टब होता, टबाचे नळ होते, नळांच्या चाव्या होत्या आणि फाटकाशी बसलेला नाक तुटलेला एक दगडी सिंह होता, कारण त्याच्या तोंडातून पाणी पडायचं आणि नळवाल्यांच्या दृष्टीने तोही एक नळच होता. बायको एकेक फोटो डोळे भरून बघत होती. गादीवाले मात्र प्रत्येक फोटोत कुठं पलंगाची कड दिसते का ते शोधत होते. एकातही दिसली नाही.

"आणि झोप!" धाकटी म्हणाली. "भाऊजी, राग मानू नका हं, पण अशी गादी मी जन्मात बघितली नाही. पडल्यावर कळलंच नाही, मी कुठं संपते आणि गादी कुठं सुरू होते."

त्या क्षणी गादीवाल्यांच्या काळजात सुई गेली. साधीसुधी नव्हे, टाके घालायची लांब सुई, आणि दोऱ्यासकट. धाकटीच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेली गादी दिली होती. तिच्यावर झोपून ह्या बाईला आजवर आपण कुठं संपतो आणि गादी कुठं सुरू होते हे बिनचूक कळत होतं तर!

"जागेचं नाव काय?" त्यांनी होईल तितक्या सहज विचारलं.

नळवाले हसले. "नाव नाही सांगत बुवा. नाव सांगितलं की गर्दी होते."

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "अहो, मला एकदा खड्ड्याबाहेर झोपायचंय. आणि जागी होईन तेव्हा आसपास एकही पोर नको."

"जाऊ की. पंचवीस वर्षं होतायत. जागा मी निवडतो," गादीवाले म्हणाले. "तू फक्त बॅग भर. असली जागा शोधतो की नळ बंद पडले पाहिजेत लोकांचे."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात काम बंद आणि फोन चालू. गादीवाल्यांची निवडण्याची पद्धत सोपी होती. द्राक्षबागांमधल्या जागेचे फोटो उघडायचे; टेकडी, सूर्यास्त, पेले, मांडव, सगळं भराभर बाजूला सारायचं आणि पलंग आला की थांबायचं. मग फोटो बोटांनी मोठा करून गादीचे कोपरे तपासायचे. कोपरा ढिला, जागा रद्द. टेकडी कितीही सुंदर असली तरी टेकडीवर झोपायचं नव्हतं.

एका जागी गोल पलंग होता. त्यांनी मुद्दाम फोन लावला. "गोल गादीला डोकं कुठं आणि पाय कुठं?"

"कुठंही, सर. तीच तर मजा आहे."

"माणूस रात्री फिरत राहील आणि सकाळी भलत्याच गावी उठेल," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसरीकडची मुलगी म्हणाली, "आमच्याकडे लहान मुलं येतात, सर, पण शांत असतात."

"मग आधी त्यांनी काय गिळलंय ते बघा," गादीवाले म्हणाले. बायकोच्या धंद्यातलं त्यांना एवढंच ठाऊक होतं.

तिसरीकडे मुलांना बंदी होती पण कुत्र्यांना परवानगी होती. चौथीकडे सगळं ठीक होतं, पण गादी पोकळ निघाली. म्हणजे तिच्यात हवा भरायची होती. "हवेचे पैसे घेता?" असं विचारून त्यांनी तोही नाद सोडला.

आणि मग एका उन्हाच्या दुपारी त्यांना ती दिसली. साधी, पांढरी, जाड. कोपरे असे की त्यांवर कागदाची घडी घालावी. अंगावर हाताने घातलेले टाके, एका ओळीत, सारखेच खोल. गादीवाले फोनच्या जवळ गेले, लांब गेले, पुन्हा जवळ गेले. लग्नासाठी मुलगी बघायला गेले होते तेव्हाही त्यांनी इतकं निरखून बघितलं नव्हतं. बाकीचे फोटो त्यांनी उघडलेसुद्धा नाहीत.

फोन एका वयस्क बाईने उचलला.

"आत काय आहे?" गादीवाल्यांनी विचारलं.

"आत बाथरूम, कपाट, लहानशी—"

"गादीच्या आत."

"लोकर आहे. हाताने भरलेली."

"उलटवता येते?"

"दोन्ही बाजूंनी वापरता येते. मोसम बदलला की आम्ही उलटवतो."

"पाहुणे गेल्यावर?"

"पाहुणे गेल्यावर चादरी बदलतो."

"चादरी!" गादीवाले पुटपुटले. पण तेवढा दोष सोडून देण्याइतके ते प्रेमात पडले होते. "मुलं?"

"आमच्याकडे फक्त मोठी माणसं. तुमच्याबरोबर कुणी लहान आहे का?"

"मी आणि बायको. वयाने मोठे आहोत," ते म्हणाले आणि खोली ठरवून टाकली.

महिन्याभरात ती दोघं निघाली. शेवटच्या वळणावर वेलींच्या रांगा दोन्ही बाजूंनी अशा उलगडल्या की बायकोने खिडकीची काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. गादीवाल्यांच्या छातीत हवा भरली. गाडी फाटकाशी थांबली. ते ऐटीत उतरले, बायकोचं दार स्वतः उघडलं आणि म्हणाले, "ये. साडूच्या स्वप्नातसुद्धा आली नसेल अशी जागा."

बायको उतरली, दोन पावलं चालली आणि थांबली.

"अहो," ती म्हणाली, "ह्या सिंहाला नाक नाही."

फाटकाशी दगडी सिंह बसला होता. त्याच्या तोंडातून पाणी पडत होतं.

"सिंहांची नाकं जातातच," गादीवाले म्हणाले, पण त्यांचा आवाज त्याआधीच गेला होता.

बायकोने फोन काढला, धाकटीने स्वतः काढून पाठवलेला फोटो उघडला आणि सिंहाशेजारी धरला. एका सिंहाशेजारी नळवाले केस मागे सारत उभे होते, दुसऱ्याशेजारी गादीवाले घाम पुसत. एवढाच काय तो फरक. आत गेल्यावर मांडव तोच होता, आणि प्रत्येक खोलीपुढच्या अंगणात कोंबडीच्या पायांसारखे पाय असलेला तो टबही तोच.

सगळ्या द्राक्षबागांमधे, इतक्या टेकड्या आणि इतकी घरं असताना, गादीवाल्यांनी गाळून, पारखून, कोपरे तपासून साडूचीच जागा निवडली होती. साडूने नळ बघितले होते, ह्यांनी गादी बघितली. मधलं घर दोघांनीही बघितलं नव्हतं.

"चल, परत जाऊ," ते म्हणाले. "पैसे बुडाले तर बुडू देत. त्याच्या उष्ट्या जागेत मी राहणार नाही."

"तुम्ही जा. मी इथून हलत नाही," बायको म्हणाली. तिने खोलीत शिरून चपला काढल्या, पलंगाच्या कडेवर बसली, हळूच पाय वर घेतले आणि आडवी झाली. "अगं बाई," एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य तोंडात असतानाच तिला झोप लागली.

गादीवाले खुर्चीत बसून बघत राहिले. बायको अशी झोपलेली त्यांनी कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. हात पसरलेले, कपाळावर एक आठी नाही, आणि ती मधे घरंगळत नव्हती. जिथं पडली तिथंच होती. त्यांना आधी साडूचा हेवा वाटत होता; आता त्या गादीचा वाटू लागला. वीतभर जाडीची, न बोलणारी, लोकर भरलेली वस्तू! पंचवीस वर्षं माणूस शेजारी झोपतो आणि ही आजची आलेली बया दोन मिनिटांत असलं सुख देऊन मोकळी होते. त्यांनी चादरीची कड उचलून टाके तपासले. एक तरी चुकलेला सापडावा म्हणून डोळे ताणले. सापडला नाही. आपण भरलेली गादीही एके काळी अशीच होती, हे त्यांना आठवलं आणि ते आणखीच चिडले. आता त्यांना स्वतःच्या तरुणपणाचाही हेवा वाटायला लागला होता.

बायको दिवे लागल्यावर उठली. उठल्याबरोबर तिने कान टवकारले. "इतकं शांत का आहे? कुणी काय गिळलं?"

"मी. अपमान," गादीवाले म्हणाले.

जेवायला मांडवाखाली बसले तेव्हा फोनवरच्या त्या वयस्क बाईंनी तीन पेल्यांत तीन वाइन आणून ठेवल्या आणि वास घ्यायला सांगितलं. गादीवाल्यांनी नाक घातलं. "भिजलेल्या कापसाचा," असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. बायकोने नकळत त्यांच्या पावाचे लहान लहान तुकडे करून दिले होते आणि ते निमूटपणे खातही होते. तेवढ्यात फोन वाजला. धाकटी. बायकोने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"पोचलीस का, ताई? कशी आहे जागा?"

बायकोने गादीवाल्यांकडे बघितलं. गादीवाले पेल्याकडे बघत होते. 'आमचीच की ती!' असं नळवाले एकदा म्हणाले की पुढची पंचवीस वर्षं म्हणत राहणार, हे त्यांना पेल्याच्या तळाशी स्वच्छ दिसत होतं.

"छान आहे," बायको म्हणाली.

"टब आहे का?" मागून नळवाल्यांचा आवाज आला.

"आहे."

"आमच्यासारखा?"

"छे हो! तुमच्यासारखा कसला. हा मोठा आहे. पाणीसुद्धा जास्त गरम येतं."

पलीकडे शांतता पसरली. कुणीतरी काहीतरी गिळत होतं.

"आणि झोप?" धाकटीने विचारलं.

"अगं, तुमच्यापेक्षा दहापट बरी. दुपारी पडले ती आत्ता उठले. ह्यांनी निवडलीय ना, गादी बघून. ह्या बाबतीत तुझ्या नवऱ्यापेक्षा ह्यांचं बरं, खरं सांगायचं तर."

गादीवाल्यांच्या हातातला पावाचा तुकडा वाइनमधे पडला.

"नाव काय गं जागेचं?"

"नाव नाही सांगत बाई. नाव सांगितलं की गर्दी होते," बायको म्हणाली आणि फोन बंद केला.

हेच वाक्य ऐकायला गादीवाले इतकी वर्षं थांबले होते, आणि आलं ते असं, चोरीच्या मालासारखं.

"खोटं बोललीस," ते म्हणाले.

"रोज पोरांना सांगते, खोटं बोलू नये." बायकोने दुसरा पेला पुढे ओढला. "इथं एक तरी पोर आहे का?"

सकाळी दाराशी टोपली आली. पाव ताजा होता, द्राक्षं गार होती. गादीवाल्यांची खुशी अर्धीमुर्धी का होईना फुलत होती. आणखी थोडं चीज मागायला ते ऑफिसात गेले तेव्हा बाई फोनवर बोलत होत्या.

"नाही हो साहेब... आमच्यापेक्षा? दहापट? ह्या भागात तरी नाही... टब आमच्यापेक्षा मोठा? नाही, मला नाही माहीत... बरं, कळलं तर सांगते." त्यांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. "काय माणसं असतात! मागे राहून गेलेले एक गृहस्थ. विचारतायत, तुमच्या जवळपास तुमच्याहून दहापट चांगली जागा कुठली. सकाळपासून तिसरा फोन."

"केस आहेत का त्यांना?" गादीवाल्यांनी विचारलं.

"कशाला?"

"डोक्याला."

"हो, भरपूर. सारखे मागे सारायचे. ओळखता का?"

"छे," गादीवाले म्हणाले. त्यांच्या अंगात इतका आनंद मावत नव्हता की त्यांनी काउंटरला धरलं. साडू जळतोय! चक्क जळतोय, आणि तोही स्वतःच्याच जागेवर! हा आनंद दाराशी पोचेपर्यंत टिकला. तिथं मात्र त्यांच्या मनात एक किडा वळवळला आणि ते मागे फिरले.

"ते कुठल्या खोलीत उतरले होते?"

"तुमच्याच," बाई म्हणाल्या.

गादीवाले चीज न घेताच तडक खोलीत आले. बायको गादीवर लोळत छताकडे बघत होती. "ऊठ," ते म्हणाले.

"का? आग लागली?"

"ऊठ म्हणतो ना. ते दोघं ह्याच गादीवर झोपले होते. ह्या लोकांनी फक्त चादरी बदलल्या. काल तुला झोप लागली ती लोकरीची की साडूची, सांग बघू."

"अहो, मला लागली ती माझीच होती!"

"धर तिकडून."

नवऱ्याचा धंदा तिने पंचवीस वर्षं बघितला होता. ती हसत उठली आणि तिने कड धरली. गादी जड होती. त्यांनी ती उभी केली तेव्हा दोघांच्या मधे भिंत उभी राहिली आणि गादीवाल्यांना बायको दिसेनाशी झाली. पलीकडून आवाज आला, "पडली का साडूंची झोप खाली?"

"पडतेय," ते धापा टाकत म्हणाले. "हलवू नकोस."

"मग घरची गादी इतकी वर्षं का नाही उलटवलीत?"

"आपल्याकडे पाहुणे कुठं झोपतात त्या गादीवर?"

"खड्डा झोपतो ना रोज."

दोघांनी मिळून गादी धप्पकन उलटी टाकली. त्यांनी कोपरे सरळ केले, तळहाताने मधला भाग दाबून बघितला आणि पाठीमागे हात बांधून दुकानातल्यासारखे उभे राहिले. "झोप आता. कुशीवर हो. दुसऱ्या. कंबर कुठं जातेय?"

बायको झोपली. कुशीवर झाली, दुसऱ्या कुशीवर झाली.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"ही बाजू बरी आहे," ती डोळे मिटून म्हणाली. "त्यांच्यापेक्षा पुष्कळच बरी."

"खरं सांगतेस ना?"

"इथं पोरं कुठं आहेत," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेली.